दोनशे पौंडांचे वर्षासन: विल्यम हर्शेल यांच्या उपजीविकेचा प्रकरण अभ्यास

आवडीच्या कामावर पोट भरता येते का, या प्रश्नावर बोलताना धाडस, निष्ठा आणि चिकाटी यांची चर्चा पुष्कळ होते. मिळकत किती होती, ती नेमकी कोणत्या कामाची होती आणि ती मिळवून झाल्यावर आवडीच्या कामासाठी किती तास उरले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हे तीनही प्रश्न विचारता येतील इतकी माहिती ज्यांच्याबद्दल उपलब्ध आहे, अशा मोजक्या माणसांमध्ये विल्यम हर्शेल यांची गणना करता येईल. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे खगोलशास्त्रज्ञ म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु १३ मार्च १७८१ च्या ज्या रात्री तो ग्रह त्यांच्या दुर्बिणीत आला, त्या रात्री ते व्यवसायाने संगीतकार होते. पुढच्याच वर्षी त्यांनी उत्तम चाललेला हा व्यवसाय बंद केला आणि जवळजवळ निम्म्या मिळकतीवर आकाशनिरीक्षण पत्करले. त्यांची बहीण कॅरोलाइन यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्यामुळे या निर्णयाची घरातली बाजूही आपल्याला दिसते. ग्रहाच्या शोधाची कथा अनेकांनी सांगितली आहे. येथे विचार करायचा आहे तो शोध लावणाऱ्याचा प्रपंच कशावर चालला, याचा.

पहिली आवड आणि तिचा झालेला धंदा

विल्यम यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी बँडमध्ये ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवीत असत आणि विल्यमही किशोरवयातच त्याच पथकात दाखल झाले. १७५७ च्या हास्टेनबेकच्या लढाईनंतर ते इंग्लंडला गेले आणि तेथे सुरुवातीला स्वरलिपीच्या नकला करून देण्याच्या कामावर त्यांनी दिवस काढले. पुढील काही वर्षे उत्तर इंग्लंडमध्ये वादन, बँडला शिकवणे आणि मैफलींचे आयोजन यांत गेली. याच काळात त्यांनी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचना, केल्या. त्यांच्या नावावर अशा चोवीस रचना आहेत आणि त्यांतील बहुतेक त्या उमेदीच्या वर्षांतल्या आहेत. रचनाकार म्हणून नाव व्हावे, ही त्यांची तेव्हाची महत्त्वाकांक्षा होती. आवडीचे काम आणि पोटाचे काम यांचे नाते त्यांच्या आयुष्यात दोनदा जुळवले गेले, आणि संगीत हा त्यातला पहिला प्रयोग होता, ही गोष्ट युरेनसच्या कथेमुळे बहुधा नजरेआड राहते.

१७६६ च्या अखेरीस त्यांना बाथ येथील नव्या ऑक्टॅगन चॅपलमध्ये ऑर्गनवादकाची जागा मिळाली. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी श्रीमंत कुटुंबे ज्या शहरात हंगामभर मुक्काम करीत, तेथे संगीतशिक्षकाला कामाची ददात नव्हती. चॅपलचे वादन, नाट्यगृहातले वादन, मैफली आणि मुख्यतः खासगी शिकवण्या यांतून १७७१ च्या सुमारास त्यांची वार्षिक मिळकत ४०० पौंडांच्या जवळ पोहोचली होती. एका परदेशी संगीतकाराच्या दृष्टीने हे मोठे यश होते. परंतु ऐन हंगामात आठवड्याला पस्तीसहून अधिक शिकवण्या देणाऱ्या माणसाच्या हातून नव्या सिंफनी होईनाशा झाल्या. चॅपलसाठी आणि समूहगायनासाठी लागेल तेवढे ते लिहीत राहिले, पण रचनाकार मागे पडला आणि शिक्षक पुढे आला. पैसे देणाऱ्यांना रचना नको होती; आपल्या मुलामुलींच्या बोटांना वळण लावणारा माणूस त्यांना हवा होता. याला मी हर्शेल यांचे अपयश मानत नाही. आवडीच्या क्षेत्रात राहून उत्तम कमाई करता येते आणि तरीही त्या क्षेत्रातले जे काम आपल्याला मनापासून हवे असते तेच हातून सुटते, याचा अनुभव त्यांना तिशीतच मिळाला होता, एवढेच यातून दिसते.

नऊ वर्षांचा दुहेरी संसार

संगीताकडून दुर्बिणीकडे जाणारी वाट संगीतातूनच निघाली. रॉबर्ट स्मिथ यांचा स्वरांच्या गणितावरचा ग्रंथ वाचल्यावर हर्शेल त्याच लेखकाच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाकडे वळले आणि त्यात त्यांना दुर्बिणी तयार करण्याच्या रीती सापडल्या. १७७३ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी खगोलशास्त्राची पुस्तके विकत घेतली, दुर्बीण भाड्याने आणून पाहिली आणि मनाजोग्या आकाराचा आरसा विकत घेणे परवडत नाही असे दिसल्यावर आरसे घासण्याची हत्यारे मिळवून स्वतःच कामाला लागले. त्या काळचे आरसे काचेचे नसून तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. ते ओतावे लागत, तासन्‌तास घासावे लागत आणि झिलई देताना मध्येच हात थांबला तर पृष्ठभागाचा आकार बिघडत असे. एकदा सोळा तास आरशावरून हात न काढता ते काम करीत राहिले आणि कॅरोलाइन त्यांच्या तोंडात घास भरवीत होत्या, असे कॅरोलाइन यांनीच लिहून ठेवले आहे. साच्यासाठी घोड्याची लीद लागे. ती कुटून चाळण्याचे कामही कॅरोलाइन यांच्याकडेच होते. ऑगस्ट १७८१ मध्ये मोठा आरसा ओतताना भट्टी फुटली, वितळलेला धातू फरशीवर पसरला, दगडी फरश्या फुटून उडू लागल्या आणि सर्वांना जीव वाचवून पळावे लागले. हे सगळे एका राहत्या घरात चालले होते आणि त्याच घरात दिवसा विद्यार्थी शिकवणीला येत होते.

नऊ वर्षे चाललेल्या या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. आकाशाकडून कोणतीही मिळकत अपेक्षित नसल्यामुळे काय पाहावे, किती वेळ पाहावे आणि कोणत्या आरशावर किती आठवडे घालवावेत हे ठरवताना हर्शेल यांना कोणत्याही ग्राहकाला विचारावे लागत नव्हते. दुहेरी ताऱ्यांच्या शोधासाठी ते आकाश पद्धतशीरपणे तपासत होते आणि त्या तपासणीतच, सुमारे सहा इंच व्यासाच्या आरशाच्या सात फुटी दुर्बिणीतून, त्यांना तो नवा ग्रह दिसला. असा शोध मागून मिळत नाही आणि त्यासाठी आगाऊ पैसे देणारा कोणी भेटत नाही. या व्यवस्थेचा दोष शरीराच्या बाजूने होता. दिवसा शिकवण्या आणि रात्री दुर्बीण, यांच्यात झोपेला जागा नव्हती, आणि बाथचा संगीताचा हंगाम नेमका हिवाळ्यातल्या लांब रात्रींच्या काळातच असे. जोडधंदा संभाळून छंद जोपासण्याचा सल्ला आजही सहज दिला जातो. हर्शेल यांच्या उदाहरणावरून तो सल्ला चुकीचा ठरत नाही, मात्र त्याची किंमत कोणत्या तासांत मोजावी लागते हे स्पष्ट होते.

१७८२: निर्णयाचे वर्ष

शोधानंतर नोव्हेंबर १७८१ मध्ये त्यांना रॉयल सोसायटी या इंग्लंडमधील विज्ञानसंस्थेचे कोप्ले पदक मिळाले आणि डिसेंबरमध्ये सदस्यत्व. सन्मान झाला, पण शिकवण्या चालूच राहिल्या. बाथमधील त्यांचे मित्र विल्यम वॉटसन आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांनी त्यांना राजाश्रय मिळावा म्हणून खटपट केली. क्यू येथील राजाच्या खासगी वेधशाळेची जागा फेब्रुवारी १७८२ मध्ये रिकामी झाली खरी, परंतु ती आधीच्या अधिकाऱ्याच्या मुलाला देण्याचे ठरलेले होते. म्हणजे हर्शेल जे काम करीत होते त्यासाठी कोणतेही पद अस्तित्वात नव्हते. ते निर्माण करावे लागणार होते. मे महिन्यात ते आपली दुर्बीण घेऊन लंडनला गेले. ग्रीनिचच्या वेधशाळेत राजखगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांच्या उपकरणांशी तिची तुलना झाली आणि ती सरस ठरली. नव्या ग्रहाला इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नाव देण्याचे हर्शेल यांनी सुचवले. हे नाव टिकले नाही, पण राजाच्या कृपेचा रस्ता त्यामुळे सोपा झाला. हा राजा हॅनोव्हरचाही शासक होता, ही गोष्टही त्यांच्या पथ्यावर पडली.

जुलै १७८२ मध्ये वर्षाला २०० पौंडांचे वर्षासन ठरले. त्याच्या बदल्यात विंडसरजवळ राहायचे आणि राजघराण्याला व त्यांच्या पाहुण्यांना बोलावणे येईल तेव्हा आकाश दाखवायचे, एवढीच अट होती. एखाद्या राजाने इतक्या स्वस्तात कीर्ती विकत घेतली नसेल, अशा आशयाचे उद्गार ही रक्कम कळल्यावर वॉटसन यांनी काढल्याचे कॅरोलाइन सांगतात. बाथची सुमारे ४०० पौंडांची मिळकत सोडून २०० पौंड घेणे हा व्यवहार रुपयाआण्याच्या दृष्टीने तोट्याचाच होता. तरीही माझ्या मते तो योग्य होता, कारण हर्शेल यांनी येथे पैसे देऊन तास विकत घेतले. आठवड्याच्या पस्तीस शिकवण्या नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी अधूनमधूनची हजेरी आली. पहिल्या प्रयोगात, म्हणजे संगीतात, मिळकत वाढत गेली तसतसे आवडीच्या कामाचे तास कमी होत गेले होते. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी ही दिशा जाणीवपूर्वक उलटी केली. असा निर्णय त्यांनी पहिल्या अनुभवाशिवाय घेतला असता का, याबद्दल मला शंका वाटते.

दुर्बिणींचा व्यापार

डॅचेट येथील पडक्या घरात बिऱ्हाड मांडल्यावर २०० पौंडांची मर्यादा लवकरच उघड झाली. घरखर्च भागला असता, पण मोठ्या आरशांचा खर्च त्यातून निघणे शक्य नव्हते. म्हणून हर्शेल यांनी दुर्बिणी विकायला सुरुवात केली. त्यांच्या हातचे आरसे त्या काळी सर्वोत्तम मानले जात; सात फुटी दुर्बिणीला सुमारे शंभर गिनी (एक गिनी पौंडापेक्षा किंचित जास्त) मिळत आणि स्पेनच्या राजासाठी तयार केलेल्या पंचवीस फुटी दुर्बिणीचे ३१५० पौंड झाले. बाथमध्ये संगीतकार असलेले त्यांचे भाऊ अलेक्झांडर लेथवर काम करण्यात निष्णात होते; उन्हाळ्यात येऊन ते या कामाला हातभार लावीत. एकूण तयार झालेल्या आरशांची संख्या शेकड्यांत गेली.

या टप्प्यावर प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा समोर येतो. हर्शेल यांचे आवडीचे काम म्हणजे आकाशाचा कोपरा न्‌ कोपरा तपासणे आणि त्याची रचना कशी आहे हे समजून घेणे. या कामाला विकत घेणारा कोणीही नव्हता, आणि राजाने २०० पौंड दिले तेही प्रत्यक्षात दरबाराजवळच्या हजेरीचे होते. बाजारात ज्याला भाव होता ते त्याच्या शेजारचे काम होते, म्हणजे उपकरण तयार करण्याचे. दोन्ही कामांत तोच आरसा, तेच हात आणि तेच कौशल्य होते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटावीत. परंतु विक्रीसाठी घासलेल्या आरशावर गेलेला दिवस निरीक्षणाच्या नोंदी तपासण्यातून वजा होत असे. बाथमध्ये रचनेच्या शेजारी शिकवणी येऊन बसली होती, आणि येथे निरीक्षणाच्या शेजारी कारखाना.

फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की या वेळी त्यांनी रात्र विकली नाही. ऑक्टोबर १७८३ पासून वीस फुटी दुर्बिणीने आकाशाचे पट्ट्यापट्ट्याने निरीक्षण सुरू झाले. विल्यम दुर्बिणीच्या मचाणावर उभे राहून दिसेल ते ओरडून सांगत, आणि कॅरोलाइन खिडकीजवळ दिवा, घड्याळ व ताऱ्यांची यादी घेऊन ते टिपत. ढग नसतील आणि चंद्राचा उजेड आड येत नसेल अशा रात्री हे काम चुकत नसे. दिवसभर कारखाना चालला तरी अशा रात्रीवर ग्राहकाचा हक्क नव्हता. या शिस्तीमुळेच १७८६ मध्ये एक हजार आणि १७८९ मध्ये आणखी एक हजार तेजोमेघ (आकाशात धूसर ढगांसारखे दिसणारे पुंजके) व तारकागुच्छांच्या याद्या प्रसिद्ध होऊ शकल्या.

या शिस्तीला व्यापाराने छेद दिल्याचा एक प्रसंग नोंदवण्याजोगा आहे. १७८६ च्या उन्हाळ्यात राजाने ग्योटिंगेन विद्यापीठाला दहा फुटी दुर्बीण भेट दिली आणि ती पोहोचवून उभी करून देण्यासाठी विल्यम व अलेक्झांडर यांना जर्मनीला जावे लागले. विल्यम यांच्या निरीक्षणाचे आठवडे त्यात गेले. मागे राहिलेल्या कॅरोलाइन यांना मात्र भावाची नोंदवही लिहिण्यातून प्रथमच मोकळ्या रात्री मिळाल्या, आणि १ ऑगस्ट १७८६ रोजी त्यांनी आपला पहिला धूमकेतू शोधला. पुढे १७९७ पर्यंत त्यांच्या नावावर आठ धूमकेतू जमा झाले. दुसऱ्याच्या ध्यासाला हात देणाऱ्या माणसाला स्वतःचे तास मिळाले तर काय घडते, याचा इतका थेट पुरावा क्वचितच सापडेल.

चाळीस फुटी दुर्बीण

राजाने १७८५ मध्ये २००० पौंड आणि १७८७ मध्ये आणखी २००० पौंड देऊन, शिवाय देखभालीसाठी वर्षाला २०० पौंड मंजूर करून, चाळीस फूट लांबीची दुर्बीण उभारून घेतली. डॅचेटनंतर ते राहायला गेलेल्या स्लाउ येथील घराच्या अंगणात ती १७८९ मध्ये पूर्ण झाली. तिचा आरसा चार फूट व्यासाचा होता आणि तिच्या साहाय्याने शनीच्या दोन उपग्रहांचा शोध निश्चित झाला. पाहायला येणाऱ्यांच्या दृष्टीने ते एक आश्चर्य होते, पण काम करणाऱ्याच्या दृष्टीने तो मोठा भार ठरला. ती सज्ज करायला वेळ लागे, माणसे लागत, आरसा लवकर काळवंडत असे आणि पुन्हा झिलई देणे हे मोठे काम होते. रोजचे खरे निरीक्षण जुन्या वीस फुटी दुर्बिणीनेच होत राहिले. आश्रयदात्याला जे डोळ्यांत भरते आणि काम करणाऱ्याला जे उपयोगी पडते, त्यांत अंतर असते. हर्शेल यांना हे अंतर चाळीस फुटीच्या बाबतीत उशिरा कळले असे मला वाटते, आणि इतक्या मोठ्या सरकारी रकमेनंतर ते उघडपणे मान्य करणे सोपेही नव्हते.

पन्नास पौंड

आतापर्यंतच्या हिशेबात एक रक्कम शून्य होती. कॅरोलाइन १७७२ मध्ये हॅनोव्हरहून बाथला आल्या त्या गायिका होण्यासाठी. घर संभाळून त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले, भावाच्या मैफलींमध्ये प्रमुख गायिका म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि १७७८ मध्ये त्यांना बर्मिंगहॅमच्या संगीत महोत्सवात गाण्याचे निमंत्रण आले. भाऊ संचालन करीत असेल तेथेच गायचे असे ठरवून त्यांनी ते नाकारले. चार वर्षांनी भावाने संगीत सोडले तेव्हा त्यांचीही कारकीर्द संपली. आवडीच्या कामासाठी विल्यम यांनी आपली मिळकत निम्मी केली असे आपण म्हणतो. कॅरोलाइन यांनी मात्र, त्यांना फारसे न विचारता, स्वतःची उपजीविका पूर्णपणे गमावली आणि पाच वर्षे बिनपगारी साहाय्यक म्हणून रात्री जागवल्या.

१७८७ मध्ये चाळीस फुटी दुर्बिणीच्या मंजुरीबरोबर त्यांना साहाय्यक म्हणून वर्षाला ५० पौंड ठरले. स्वतःच्या मर्जीने खर्च करायला मोकळीक असलेले आपल्या आयुष्यातले हे पहिले पैसे होते, असे त्या लिहितात. त्या वेळी त्या सदतीस वर्षांच्या होत्या. हे वाचताना मला दरवेळी थांबायला होते. ध्यासावर जगणाऱ्या माणसाच्या यशाचे मोजमाप करताना त्याच्या घरात कोणाचे श्रम हिशेबाबाहेर राहिले, हे प्रथम विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. एका वर्षासनावर प्रत्यक्षात दोन माणसे पूर्ण वेळ काम करीत होती, आणि तेजोमेघांच्या त्या याद्या दोघांच्या होत्या.

विवाहानंतर

८ मे १७८८ रोजी विल्यम यांनी मेरी पिट या सधन विधवेशी विवाह केला आणि त्यांची आर्थिक विवंचना कायमची संपली. कॅरोलाइन यांनी घराचा कारभार सोडला, त्या भाड्याच्या खोल्यांत राहायला गेल्या आणि रात्रीच्या कामाला पूर्ववत येत राहिल्या. विवाहानंतरच्या काही वर्षांची रोजनिशी त्यांनी पुढे नष्ट केली. पैशाची चिंता मिटल्यावर निरीक्षणाचा वेग वाढायला हवा होता, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात पहिल्या दोन हजार नोंदी १७८९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षांत झाल्या आणि उरलेल्या पाचशेंची यादी प्रसिद्ध व्हायला १८०२ साल उजाडले. याचे एकच कारण सांगणे अन्यायाचे होईल. ते पन्नाशीला आले होते, १७९२ मध्ये मुलगा जॉन याचा जन्म झाला, चाळीस फुटीची देखभाल होती आणि सूर्याच्या उष्णतेविषयीच्या ज्या प्रयोगांतून १८०० मध्ये अवरक्त किरणांचा शोध लागला, त्यांकडेही त्यांचे लक्ष गेले होते. तरी एवढे म्हणता येते की सर्वांत जास्त काम झाले ते ना सर्वाधिक मिळकतीच्या वर्षांत, ना पूर्ण निश्चिंततेच्या वर्षांत. ते झाले मधल्या सहा वर्षांत, जेव्हा पैसा जेमतेम पुरत होता, पण रात्र पूर्णपणे स्वतःची होती.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी विल्यम यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी बहिणीसाठी वर्षाला १०० पौंडांची तरतूद केली होती. कॅरोलाइन हॅनोव्हरला परतल्या आणि तेथे, कोणीही मोबदला न ठरवता, अडीच हजार तेजोमेघांची आकाशातील पट्ट्यांनुसार नव्याने मांडणी करून ती यादी त्यांनी भाच्यासाठी तयार केली. या कामासाठी १८२८ मध्ये त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. यादी कधी छापली गेली नाही, परंतु जॉन हर्शेल यांनी वडिलांच्या सर्व नोंदींची फेरतपासणी केली ती तिच्याच आधाराने.